इडवालच्या सरोवराकाठी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात निघोज नावाचे गाव आहे. तेथे कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कठीण खडकाला पडलेले लहानमोठे रांजण पाहून नवखा मनुष्य स्तब्ध होतो. हे रांजण कोणा कारागिराने घडविलेले नाहीत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरत राहिले व हजारो वर्षे खडक कोरीत गेले, त्यांतून ते झाले. निसर्गाची अशी लिपी खडकांवर ठिकठिकाणी उमटलेली असते; परंतु ती वाचता यावी लागते. चार्ल्स डार्विन याच्यासारख्या तीक्ष्ण दृष्टीच्या पुरुषालाही ती एकदा वाचता आली नाही.

डार्विनचा जन्म इंग्लंडातील श्रूझबरी या गावी १२ फेब्रुवारी १८०९ रोजी झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. आठव्या वर्षीच तो आईच्या मायेला पारखा झाला. शाळेतील घोकंपट्टीत त्याचे मन रमेना. शिंपले, दगड, किडे गोळा करण्यात मात्र दिवस कसा सरे ते त्याला कळत नसे. वडिलांनी त्याला वैद्यकी शिकण्यासाठी एडिंबरोस धाडले. त्या काळी भूल देण्याची विद्या अवगत नव्हती. एका लहान मुलावर चाललेली शस्त्रक्रिया पाहवेना म्हणून डार्विन तेथून निघून गेला, तो पुन्हा त्या दालनात आला नाही. त्याच गावी त्याने भूस्तरशास्त्राची व्याख्याने ऐकली. ती इतकी नीरस वाटली की, या शास्त्राचे पुस्तक पुन्हा हाती धरावयाचे नाही, असे त्याने ठरवून टाकले.

हा निश्चय केंब्रिजला मोडला. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक हेन्स्लो यांच्या आग्रहावरून तो भूस्तरशास्त्राकडे वळला आणि १८३१ च्या ऑगस्ट महिन्यात प्राध्यापक सेजविक यांच्याबरोबर वेल्सच्या डोंगरांत हिंडावयास गेला. या भ्रमंतीत दोघे इडवालच्या सरोवरापाशी पोहोचले.

तीन बाजूंनी उंच कडे, मध्ये द्रोणासारखी खोल जागा आणि तिच्या तळाशी शांत पाणी, असे ते स्थळ आहे. तेथील खडक अतिप्राचीन. त्यांत समुद्रातील जीवांचे अश्मीभूत अवशेष सापडतात. सेजविक व डार्विन यांनी त्या अवशेषांसाठी खडकन् खडक धुंडाळला. कित्येक तास ते तेथे होते. परंतु कड्यांच्या पायथ्याशी खडक गुळगुळीत झाले होते, त्यांवर सरळ रेघोट्या उमटल्या होत्या, काठावर दगडमातीचे लांबट उंचवटे होते आणि त्यांवर अजस्र शिळा जणू कोणी आणून ठेवल्याप्रमाणे बसल्या होत्या. यांपैकी एकाही गोष्टीची दखल दोघांनी घेतली नाही. डोळे होते, पण शोध दुसऱ्याच वस्तूचा चालला होता!

वास्तविक तो सारा हिमनदीचा पराक्रम होता. प्राचीन काळी त्या डोंगरांवर हिमाचे थरावर थर साचत. आपल्याच भाराने दाबले जाऊन त्याचे कठीण बर्फ होई आणि ते उतारावरून अतिशय मंद गतीने सरकू लागे. त्यात रुतलेले दगड कानशीप्रमाणे खालचा खडक घाशीत, त्यावर ओरखडे काढीत. अशा झिजेने डोंगराच्या कुशीत जे हिमगव्हर कोरले गेले, त्यातच आजचे सरोवर आहे. बर्फाने वाहून आणलेला राडारोडा त्याच्या कडेला साचला, त्यास हिमोढ म्हणतात. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी तेथील अखेरची हिमनदी वितळून गेली.

घरी परतताच डार्विनला बीगल जहाजावरून जगप्रवासास जाण्याचे निमंत्रण आले. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाजाने नांगर उचलला, आणि तो परतला तेव्हा १८३६ चा ऑक्टोबर उजाडला होता. चिलीमध्ये १८३५ साली झालेल्या भूकंपात किनाऱ्याची जमीन काही फूट वर उचलली गेल्याचे त्याने प्रत्यक्ष पाहिले. त्या दृश्याचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. किंबहुना तो जरा अधिकच खोल उमटला, असे म्हणावे लागते. कारण १८३८ मध्ये स्कॉटलंडातील ग्लेन रॉय या खोऱ्यात डोंगरउतारांवर एकीवर एक अशा तीन आडव्या, समांतर वाटा दिसताच, हे वर उचलले गेलेले समुद्रकिनारेच होत, असे त्याने ठरविले आणि तसा निबंधही प्रसिद्ध केला. समुद्राचा एक शिंपला मात्र तेथे सापडला नव्हता.

स्वित्झर्लंडच्या अगासी या शास्त्रज्ञाने हिमनद्यांचा पाठपुरावा केला होता. तो १८४० साली ग्लेन रॉयला आला. पूर्वी एका हिमनदीने खोऱ्याचे तोंड बांध घातल्याप्रमाणे अडविले, आत सरोवर तुंबले आणि त्या सरोवराचे काठ म्हणजेच या वाटा, असा निर्णय त्याने दिला. डार्विनला तो पटला नाही.

तथापि वेल्समधील हिमनद्यांविषयी बकलंड या विद्वानाचे लेखन वाचून त्याच्या मनात चलबिचल झाली. १८४२ च्या जून महिन्यात, प्रकृती खालावलेली असतानाही, तो पुन्हा इडवालला गेला. सरोवर तेच, कडे तेच. परंतु या वेळी प्रत्येक रेघोटी त्याच्याशी बोलू लागली. उभी चिरफळी झालेली एक प्रचंड शिळा पाहून, ही बर्फाच्या भेगेतून खाली कोसळली असावी, असे त्याने ताडले. अकरा वर्षांपूर्वी आपण याच दगडांजवळून चाललो होतो, याचे त्याला मोठे नवल वाटले. हे सर्व त्याने त्याच वर्षी लिहून प्रसिद्ध केले. डोंगर चढण्याइतके बळ त्याच्या अंगी त्यानंतर कधीच राहिले नाही.

ग्लेन रॉयचा हट्ट मात्र सुटावयास आणखी एकोणीस वर्षे लागली. १८६१ मध्ये जेमिसन या संशोधकाने ते खोरे बारकाईने तपासले आणि अगासीचेच म्हणणे खरे ठरले. तेव्हा डार्विनने कसलीही सबब न सांगता आपली हार मान्य केली. त्यापूर्वी दोनच वर्षे सजीवांच्या उत्क्रांतीवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन त्याचे नाव जगभर झाले होते. पुढे आपल्या मुलाबाळांसाठी आत्मवृत्त लिहिताना त्याने इडवालचा प्रसंग आणि ग्लेन रॉयची चूक, दोन्ही नमूद करून ठेवली.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन निवर्तला. इडवालच्या काठावर त्या शिळा अद्याप उभ्या असून त्यांना डार्विनच्या शिळा म्हणतात.