देवराष्ट्रेच्या रमाबाई : नर्सच्या कामाला मान मिळावा म्हणून उभी राहिलेली बाई

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे म्हटलं की पहिल्यांदा यशवंतराव चव्हाण आठवतात. साहजिक आहे, त्यांचा जन्म तिथला. पण त्यांच्या आधी पन्नासेक वर्षं याच गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्माला आली. तारीख २५ जानेवारी १८६२, नाव यमुना. पुढं न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी आणि ‘सेवासदन’च्या रमाबाई रानडे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला.

टीव्हीवरच्या मालिकेमुळं त्यांच्या लग्नाची आणि शिक्षणाची गोष्ट घराघरांत पोचली. रमाबाईंनी नर्सच्या कामासाठी काय केलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक सिस्टरला ते माहीत असायला हवं.

शिकवणीनंतरची आंघोळ

१८७३ मध्ये अकराव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले होते, पहिली पत्नी वारलेली. समाजसुधारक माणूस विधवेशी लग्न करील असं सगळ्यांना वाटत होतं, पण वडिलांच्या हट्टापुढं त्यांचं काही चाललं नाही. लग्न लागलं आणि नवऱ्यानं स्वतःच बायकोला अक्षरं गिरवायला बसवलं. आधी मराठी, मग इंग्रजी.

घरातल्या बायकांना हे अजिबात पटलं नाही. टोमणे रोजचेच होते. पुढं पुण्यात इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या बाई येऊ लागल्या. मडमेजवळ बसून विटाळ होतो म्हणून शिकवणी झाली की रमाबाईंनी आंघोळ करायची, मगच घरात वावरायचं. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि शिकणंही सोडलं नाही. दुसऱ्याला शिवण्याची आपल्या समाजाला किती भीती वाटते, हे त्यांना असं अंगावर पाणी घेऊन कळलं. पुढच्या कामात नेमकी हीच भीती त्यांच्या आडवी येणार होती.

नवऱ्याच्या आजारपणातून हॉस्पिटलच्या वॉर्डात

रानड्यांच्या शेवटच्या आजारपणात रमाबाई त्यांच्या उशाशी होत्या. छातीत कळा यायच्या, रात्र रात्र झोप नसायची. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला आल्या आणि जवळजवळ वर्षभर कुणात मिसळल्या नाहीत.

नंतर घराबाहेर पडल्या त्या सरळ तुरुंगाच्या आणि हॉस्पिटलच्या दिशेनं. तुरुंगातल्या बायकांना भेटायच्या. हॉस्पिटलात रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन द्यायच्या. हा त्यांचा नेम झाला. खाटेवरच्या माणसाला औषधाइतकीच जवळ थांबणाऱ्या माणसाची गरज असते, हे घरच्या आजारपणात त्यांनी अनुभवलेलंच होतं.

नर्स कुणी व्हायचं?

२ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झालं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या बायका यायच्या. लिहिणं-वाचणं, शिवण, शिक्षिकेचं शिक्षण असे वर्ग वाढत गेले. आणि मग नर्सिंग आलं.

तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून चालू होतं. लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ मध्येच निघाला होता, बायकांना बायकांकडूनच उपचार मिळावेत म्हणून. गरज सगळ्यांना दिसत होती. पण नर्स म्हणजे ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन बाई, हे ठरून गेलेलं. वरच्या जातीच्या हिंदू घरांत हे काम हलकं समजलं जाई. परक्याचं रक्त, पू, मलमूत्र साफ करायचं, पुरुष रुग्णाला हात लावायचा आणि रात्री घराबाहेर राहायचं! बाळंतपणं सुईणीच्या भरवशावर व्हायची आणि कित्येक बायका त्यातच जायच्या. तरीही आपली मुलगी या कामाला पाठवायला कुणी तयार नव्हतं.

भाषणं देऊन हे बदलणार नाही, हे रमाबाईंनी ओळखलं. ससून हॉस्पिटलच्या मदतीनं नर्सिंगचं आणि सुईणपणाचं शिक्षण सुरू झालं. शिकणाऱ्या बायकांच्या राहण्याची सोय सेवासदननं केली. घरच्यांना धीर आला तो या सोयीमुळं. बाई कुठं राहते, कुणाच्या देखरेखीखाली आहे याचं उत्तर त्यांना मिळालं. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी स्वतः या मुलींच्या पाठीशी आहे म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडंही थोडी आवरली.

पण पूर्ण बंद झाली नाहीत. सेवासदनच्या एका समारंभात एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला उठली, तेव्हा वर बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी पाय आपटून गोंधळ घातला. कार्यक्रम संपत आला तशा रमाबाई उभ्या राहिल्या. एरवी शांत असणारी ही बाई रागानं लाल झाली होती. दैवानं मारलेल्या बहिणीबद्दल ज्यांना कळवळा नाही, त्यांना शिकलेले कसं म्हणायचं, असं त्यांनी त्या पोरांना तोंडावर विचारलं. घरातले टोमणे मुकाट ऐकणाऱ्या रमाबाई आपल्या मुलीचा अपमान मात्र ऐकून घ्यायला तयार नव्हत्या.

पुढं आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जायच्या, वारकरी बायकांची सेवा करायला. पुण्यात मुलींचं शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून झगडल्या, बायकांच्या मताधिकारासाठीही उभ्या राहिल्या. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आजचा हिशेब

आज नर्सिंगला पदवी आहे, १९४७ च्या कायद्यानं परिषदही आली. कुठल्याही जातीधर्माची मुलगी नर्स होते, मुलगेही होतात. एवढं अंतर आपण नक्की चाललो.

पण मिरज, सोलापूर, बेळगाव किंवा थेट मराठी वस्तीचं इंदूर घ्या, गर्दीच्या सरकारी वॉर्डात रात्री काय चालतं ते आपण नातेवाईक म्हणून पाहिलेलं असतं. खाटा भरून जमिनीवर गाद्या घातलेल्या. दोन सिस्टर. एका टोकाला सलाईन संपलेलं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी ओरडतंय, मध्येच रजिस्टर भरायचं. डॉक्टर यायला उशीर झाला तरी राग निघतो तो समोर दिसणाऱ्या सिस्टरवर. त्यात कुणाची नेमणूक कंत्राटी, म्हणजे पुढच्या वर्षी नोकरी राहील का याचा घोर वेगळाच.

२०२० चं आठवा. कोरोनात आपण टाळ्या वाजवल्या, हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलंही पडली. त्याच दिवसांत देशात अनेक ठिकाणी घरमालकांनी नर्सना खोली रिकामी करायला सांगितलं. रमाबाईंना शिकवणीनंतर आंघोळ करायला लावणारी भीतीच ती, फक्त कपडे बदलून आलेली.

म्हणून रमाबाईंनी काय केलं हे नीट पाहावं लागतं. सेवा थोर आहे असं सांगून त्या थांबल्या नाहीत. आधी शिक्षण दिलं, मग राहायला सुरक्षित जागा दिली आणि अपमान झाला तेव्हा सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. आजच्या सिस्टरही याहून वेगळं काही मागत नाहीत. वॉर्डात पुरेशी माणसं, रात्रपाळीला सुरक्षित जागा आणि कुणी अंगावर आलं तर पाठीशी उभं राहणारं कुणीतरी.

पुढच्या वेळी आपला माणूस ॲडमिट असेल आणि सिस्टरला यायला पाच मिनिटं उशीर झाला, तर आवाज चढवण्याआधी वॉर्डातल्या खाटा एकदा मोजा. देवराष्ट्रेच्या या लेकीची आठवण ठेवायला तेवढंही पुरेल.