तोंडाच्या कर्करोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर

जळगाव किंवा धुळ्याकडचा तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचला, की तंबाखू कोणत्या गालात धरता आणि किती वर्षांपासून, हे त्याला हमखास विचारले जाते. आज नेहमीच्या वाटणाऱ्या या चौकशीला भारतात शास्त्रीय पाया देणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

खानोलकरांचा जन्म १८९५ सालचा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीतील एम.डी. मिळवून ते मुंबईत परतले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे नाव सांगणे, हे पॅथॉलॉजिस्टचे रोजचे काम. खानोलकर तेवढ्यावर थांबले नाहीत. तो माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, कपडे कसे नेसतो, याचीही नोंद त्यांना हवी असे.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सहकारी सूर्याबाई यांच्यासह त्यांनी सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. चुना मळलेली तंबाखू ओठ आणि हिरडीच्या मध्ये जिथे ठेवली जाते, तिथेच होणारा खैनीचा कर्करोग हा एक. चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा, हा दुसरा. धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे घासून त्या जागी होणारा, हा तिसरा. तिन्हींतून एकच गोष्ट दिसत होती. जिथे सवयीचा घाव, तिथे रोग. म्हणजे हा नशिबाचा भोग नव्हता आणि सवय टाळली तर रोगही टाळता येण्यासारखा होता.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. १९५५ मध्ये सांघवी आणि राव यांच्यासह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू चघळणे, धूम्रपान आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे काम केले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत कायदा फारसा पुढे गेला नाही. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा आणला. मात्र विडी आणि चघळायची तंबाखू त्याबाहेर राहिली. १८ वर्षांखालील व्यक्तीला कोणताही तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास देशभर बंदी घालणारा कायदा आला २००३ मध्ये, म्हणजे १,००० रुग्णांच्या त्या आढाव्यानंतर ५९ वर्षांनी. शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत विक्रीलाही त्यात मनाई आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून सर्वच वयांसाठी बंदी आहे. शेजारच्या कर्नाटकाने तर २०२४ च्या दुरुस्तीने तंबाखू खरेदीचे वय २१ केले.

वयाचा हा आग्रह कशासाठी? कर्करोग बहुधा उतारवयाच्या उंबरठ्यावर दिसतो, पण सवय अनेकदा शाळा-कॉलेजच्या दिवसांत लागते. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत सुरू असते आणि त्या वयात निकोटीनची पकड लवकर बसते. तंबाखूत चुना मळला की निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून अधिक वेगाने रक्तात जाते. त्यामुळे पहिली चिमूट जितकी लांबेल, तितकी ती कधीच न घेतली जाण्याची शक्यता वाढते.

खान्देशातल्या कितीतरी घरांत मात्र आजोबांची तंबाखूची पुडी आणायला नातवालाच किराणा दुकानात धाडले जाते. पुडी कोणासाठी आहे, हे कायदा विचारत नाही. १८ वर्षांखालील मुलाच्या हातात ती विकत देणे हाच गुन्हा आहे. वयाबद्दल शंका आली तर पुरावा मागण्याचा अधिकार दुकानदाराला आहे. २१ वर्षांची अट महाराष्ट्रात येईल तेव्हा येईल, पण १८ ची अट आजही पाळता येते, आणि तिची सुरुवात घरातून होते.

तोंडात दोन आठवडे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काही आढळले तर जवळच्या सरकारी रुग्णालयात लगेच तपासून घ्यावे. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते.