कधीकाळी सीपी/एमशिवाय कॉम्प्युटरचं पान हलत नव्हतं, मग तिला डॉसने कसं गिळलं?

१९७४ साली कॅलिफोर्नियातल्या गॅरी किल्डाल या प्राध्यापकाने सीपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, सिस्टीमचा छोटासा भाग बदलला की काम व्हायचं. बघता बघता सगळीकडे तिचीच हवा झाली.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं त्याच्या दारात आली. तेव्हा गॅरी विमान उडवत मजा मारत होता म्हणून संधी हुकली, असा किस्सा आजही फिरतो. खरं तर तो विमान घेऊन कामासाठीच गेला होता आणि बोलणी नंतरही झाली.

पण दरम्यान मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका कंपनीकडून सीपी/एमच्याच धर्तीवरची सिस्टीम घेतली आणि डॉस म्हणून आयबीएमला दिली. गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने त्याचीही सिस्टीम विकायला ठेवली. पण किंमत? डॉस ४० डॉलर, सीपी/एम २४० डॉलर. गिऱ्हाईक कुठे वळलं, हे सांगायला नको.

१९९१ मध्ये त्याची कंपनी नॉव्हेलने विकत घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी गॅरी गेला. आज विंडोजमध्ये दिसणारी ड्राइव्हची अक्षरं मात्र डॉसने सीपी/एमकडूनच उचलली होती.