सरासरीहून कमी खाणारा उपाशीच का?

सातपाटीच्या बंदराला समजा पाच बोटी लागल्या. चार बोटींना पापलेट मिळाले ९, १०, ११ आणि १२ किलो, पाचवीला ५८. सरासरी निघते २० किलो, पण विसाच्या आसपास एकही बोट नाही! चढत्या क्रमाने मांडले तर मधली बोट ११ किलोची. हा मध्यक खरी परिस्थिती जास्त चांगली सांगतो.

सरासरीभोवती आकडे किती पांगलेले असतात, हा प्रश्न डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी थेट माणसाच्या ताटापर्यंत नेला. जन्म १९११चा, सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. फर्ग्युसन महाविद्यालयानंतर लंडनला डॉक्टरेट, मग दिल्लीत कृषी संशोधन परिषद. पिकाचा अंदाज तेव्हा नजरेने बांधला जाई. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडायची, ठरावीक तुकडा कापायचा आणि धान्य तोलायचे, ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. समुद्रातली मासळी अशीच नमुन्यावरून कशी मोजावी, यावर पानसे आणि शास्त्री यांच्यासह त्यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये आला.

१९५१ पासून सुमारे दोन दशके ते रोमला, जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. भुकेलेल्यांची मोजणी हे तिथले काम. सरासरी गरजेपेक्षा कमी उष्मांक खाणारा तो कुपोषित, हा हिशेब त्यांना खटकला. गरज माणसागणिक वेगळी. एकाच माणसाचीही रोज सारखी नसते. सरासरीवरच रेष मारली, तर धडधाकट माणसांपैकीही जवळपास निम्मी उपाशी ठरतात. म्हणून सरासरीतून प्रमाण विचलनाची, म्हणजे पांगण्याच्या मापाची, दुप्पट वजा करून रेष आखावी, असे त्यांनी मांडले. सरासरी २४०० आणि विचलन ३६० धरले, तर रेष येते १६८० वर.

रेष खाली आली की उपाशी माणसांचा आकडाही झपाट्याने घटतो, आणि वाद पेटला तो इथेच. पुण्याचेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर विरोधात उभे राहिले. गरीब कमी खातो तो गरज कमी म्हणून की परवडत नाही म्हणून, हे सूत्राला कसे कळणार? टीकाकारांचा हा आक्षेप बिनतोड होता, आणि त्याने वाद बराच काळ धुमसत राहिला.

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात परतले. जुलाब-जंतांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, म्हणून पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवर त्यांनी उत्तरायुष्यात भर दिला. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जानेवारी १९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.