अर्देशीर कर्सेटजी वाडिया

आमच्या मोर्शीहून समुद्र शेकडों मैल दूर आहे. तथापि वऱ्हाडचा कापूस फार वर्षांपूर्वींपासून समुद्रापार जात आला, आणि माल किती दिवसांत व किती खर्चांत पोंचतो यावर त्याचा भाव ठरतो, हें आमच्या शेतकरी पालकांस सांगावयास नको. म्हणून आगबोटीच्या आरंभकाळांतील एका मुंबईकराचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

अर्देशीर यांचा जन्म १८०८ सालीं जहाजें बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यांत झाला. १८२२ सालीं ते मुंबईच्या गोदींत उमेदवारी करूं लागले. पण सागवानी फळ्यांपेक्षां वाफेच्या यंत्रांकडे त्यांचा ओढा अधिक.

त्याच गोदींत तयार झालेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० च्या मार्चांत सुवेजेस निघाली. तिला ३२ दिवस लागले. पैकीं सुमारें २१ दिवस ती चालत होती. उरलेले दिवस वाटेवरच्या बंदरांत बहुतेक कोळसा भरण्यांतच गेले. उतारूंच्या खोल्यांतहि कोळसा भरावा लागला, मग मालास जागा कोठून उरणार! असला वेग टपालास व थोड्या श्रीमंत उतारूंसच परवडे. कापसाच्या गांठी पुढेंहि शिडाच्या जहाजांतूनच आफ्रिकेस वळसा घालून जात राहिल्या.

अर्देशीर यांनीं १८३३ सालीं 'इंडस' नांवाची लहानशी बोट बांधून तींत स्वतः यंत्र बसविलें. पुढील वर्षीं माझगांवच्या आपल्या बंगल्यांत त्यांनीं ग्यासचे दिवे लावले. १८३९ सालीं ते यंत्रविद्या शिकण्यास विलायतेस गेले. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद निवडलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. त्याच सालीं मुंबईच्या सरकारी यंत्रशाळेचे ते मुख्य यंत्रज्ञ झाले. गोऱ्या कारागिरांवर हिंदी मनुष्यानें हुकूम चालवावा, हें मुंबईच्या एका इंग्रजी पत्रास रुचलें नाहीं. अर्देशीर यांनीं मात्र ती जागा १८५७ पर्यंत सांभाळली. आम्हांस तरी याहून चोख उत्तर सुचत नाहीं. मध्यंतरीं १८५१ सालीं 'लवजी फॅमिली' ही आगबोट त्यांनीं पाण्यांत लोटली. निवृत्तीनंतरहि कांहीं काळ ते कोटरी येथें सिंधू नदीवरील आगबोटींच्या यंत्रांची देखरेख करीत होते.

१८६९ सालीं सुवेजचा कालवा खुला झाला. त्याच सुमारास कमी कोळशांत चालणारीं नवीं यंत्रें आलीं आणि बोटींत मालास जागा झाली. मुंबईच्या धक्क्यावरील कापसाच्या गांठी आतां आगबोटींत चढूं लागल्या. अर्देशीर तेव्हां हयात होते. १८७७ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडांतील रिचमंड येथें ते वारले.