रेल्वेच्या खिडकीतून खडक दिसले, आणि हरिभाऊ वाकणकरांनी भीमबेटका शोधून काढलं

नागपूरहून दिल्लीला जाणारी गाडी इटारसी सोडून भोपाळकडे निघाली की रातापानीचं जंगल लागतं. या भागात डोंगरमाथ्यावर मोठमोठे खडक उभे आहेत. दुरून बघितलं तर पडक्या किल्ल्याची तटबंदीच वाटते. रोज हजारो प्रवासी इथून जातात.

१९५७ मध्ये असाच एक प्रवासी भोपाळकडे निघाला होता. खिडकीतून खडक दिसले, तशी त्याला शंका आली. अशा खडकांच्या खाली माणूस राहिलेला असू शकतो! तो त्या डोंगरावर पोहोचला आणि भीमबेटका जगाला कळलं.

हा प्रवासी म्हणजे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर. सगळे त्यांना हरिभाऊ म्हणायचे.

आधी कुणालाच माहिती नव्हतं का?

तसं नाही. आसपासच्या आदिवासींना ही जागा माहितीच होती. महाभारतातला भीम इथे बसायचा, म्हणून भीमबैठका, असं नावामागचं कारण सांगितलं जातं. १८८८ मध्ये किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिकांकडून ऐकून या जागेची नोंद केली, पण ती बौद्ध अवशेष म्हणून. पुढची जवळपास ७० वर्षं तिथल्या भिंतींवर नेमकं काय आहे, याचा नीट शोध कुणी घेतला नाही.

चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ

हरिभाऊंचा जन्म ४ मे १९१९ चा, मध्य प्रदेशातल्या नीमचमधला. घर मराठी. मूळचा ओढा चित्रकलेचा. उज्जैनमध्ये त्यांनी कलाशाळा काढली, विद्यार्थी घडवले. चंबळ आणि नर्मदेच्या खोऱ्यात ते पायी भटकले. १९६४ मध्ये उज्जैनजवळ छोटी कालीसिंध नदीच्या काठी कायथा हे ताम्रपाषाण काळातलं गाव त्यांनी शोधलं.

चित्रकार असणं त्यांना भीमबेटकात कामी आलं. इथे एकाच भिंतीवर चित्रांवर चित्रं आहेत. जुनी खाली, नवी वर. कुठला रंग कुठल्या रंगावर चढलाय, शिकारीच्या हातात कुठलं हत्यार आहे, प्राणी जंगली आहे की पाळलेला, घोडेस्वार कधी दिसायला लागतात, यावरून क्रम लावायचा. हरिभाऊंनी ही चित्रं बघून हाताने उतरवून घेतली. प्रत्येक रेघ काढताना ती नीट बघावी लागते, आणि त्यातूनच काळाचे थर उलगडत गेले.

सगळ्यात जुनी चित्रं मध्याश्मयुगातली, म्हणजे सुमारे १० हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. त्यानंतर थेट ऐतिहासिक काळापर्यंत इथे माणूस चित्रं काढत राहिला.

१९७० च्या दशकात हरिभाऊंनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी इथे उत्खनन केलं. त्यातून कळलं की चित्रं काढण्याच्या कितीतरी आधीपासून, दगडी हत्यारं वापरणारा माणूस या निवाऱ्यांमध्ये राहत होता. १९७३ मध्ये हरिभाऊंना याच विषयावर पुणे विद्यापीठाची पीएचडी मिळाली, तर १९७५ मध्ये पद्मश्री. ३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत आलं, ते बघायला ते नव्हते.

आज तिथे गेलात तर

भोपाळपासून ही जागा साधारण ४५ किलोमीटरवर आहे. इथे ७०० हून जास्त शैलाश्रय आहेत, पण पर्यटकांसाठी त्यातले १५ च्या आसपासच खुले आहेत. यातल्या एका खडकावर इतके प्राणी रंगवलेत की त्याला झू रॉकच म्हणतात. भोवतीचं रातापानी २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. बेतवा नदीचा उगमही याच रायसेन जिल्ह्यातल्या डोंगरांमधला.

फक्त एक करा, चित्रांना हात लावू नका. दगडातून काढलेला हा रंग हजारो वर्षांचं ऊन-पाणी सोसून टिकलाय. पण रोज शेकडो हातांचा घाम लागला, तर तो टिकणार नाही. आणि एकदा गेलेली रेघ परत काढता येत नाही.

जाणं जमलं नाही, तर निदान पुढच्या वेळी त्या मार्गावरून जाताना मोबाईल खाली ठेवा आणि खिडकीतून बाहेर बघा. हरिभाऊंनी सुरुवात तिथूनच केली होती.