सातासमुद्रापलीकडचा वादक

मुलांनो, मालवणच्या धक्क्यावर उभे राहून तुम्ही समुद्राकडे अनेकदा पाहिले असेल. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी या समुद्रापलीकडे गेलेले असते. कोणाचे अब्बा आखाती देशात नोकरी करतात, तर कोणाचे मामू जहाजावर खलाशी असतात. उर्दूत तुम्ही ज्याला वतन म्हणता, त्याला मराठीत मायदेश म्हणतात. मायदेश सोडून राहणे सोपे नसते, हे तुम्हांला सांगायला नको. आज मात्र आपण उलट दिशेने आलेल्या एका माणसाची ओळख करून घेऊ. तो अमेरिकेतून आशियात आला, मुंबईत गाजला आणि कलकत्त्यात त्याने शेवटचा श्वास घेतला.

त्यांचे नाव टेडी वेदरफर्ड. त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटस या गावी झाला. हे कोळशाच्या खाणींचे गाव होते. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात मुंबईच्या अपोलो बंदरावर जमशेटजी टाटा यांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. खाणींच्या गावात जन्मलेले ते मूल आणि मुंबईतील ती भव्य इमारत यांची गाठ पुढे तेहेतीस वर्षांनी पडायची होती.

टेडी कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पूर्वजांप्रमाणे आफ्रिकेतील लाखो माणसांना गुलाम म्हणून अमेरिकेत नेण्यात आले होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, पण भेदभाव संपला नाही. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते. ज्या हॉटेलात काळा कलावंत वाजवीत असे, त्याच हॉटेलात बसून जेवण्याची त्याला अनेक ठिकाणी मुभा नसे.

वयाच्या साधारण बाराव्या वर्षी टेडी न्यू ऑर्लिन्स शहरात आले. कष्टकरी कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी, प्रार्थनागीते आणि लष्करी बँडचे सूर या शहरात एकत्र आले होते. त्यांतून जाझ नावाचे संगीत जन्माला आले. जाझ म्हणजे काय, हे समजायला कव्वाली आठवा. कव्वाल एकच ओळ घेतो, पण ती दर वेळी नव्या रीतीने फुलवतो. जाझचा वादकही तसेच करतो. ठरलेली चाल तो हाती घेतो आणि त्या क्षणी सुचेल तशी ती खुलवतो. टेडी येथे पियानो शिकले. पियानोला आपल्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, पण तो दोन्ही हातांनी वाजवतात. टेडींचे वादन वेगवान आणि दमदार होते.

पुढे ते शिकागोला गेले. तेव्हा चित्रपट मुके होते. पडद्यावर चित्र चाले आणि खाली बसलेले वादक संगीत देत. शिकागोच्या व्हेन्डोम चित्रपटगृहात अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात टेडी वाजवू लागले. त्याच वाद्यवृंदात पुढे जगप्रसिद्ध झालेले तुतारीवादक लुई आर्मस्ट्राँग होते. १९२६ साली दोघांचे वादन एकत्र ध्वनिमुद्रित झाले. नाव होत होते, काम मिळत होते. पण त्याच वर्षी टेडी ढोलवादक जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर आशियात निघाले. त्यानंतर मायदेशी ते फक्त १९३४ साली थोड्या दिवसांसाठी गेले. शांघायमधील एका मोठ्या नृत्यगृहासाठी त्यांना वादक हवे होते. त्या वेळी त्यांनी बक क्लेटन यांचा बँड चीनला आणला.

शांघाय, मनिला, सिंगापूर अशी अनेक शहरे त्यांनी पाहिली आणि १९३६ साली ते मुंबईत ताजमहाल हॉटेलात दाखल झाले. त्यापूर्वीच लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय कलावंताचा बँड ताजमध्ये वाजवून गेला होता. आता क्रिकेट स्मिथ यांच्या बँडमध्ये टेडी पियानोवर बसत. रॉय बटलर आणि रुडी जॅक्सन हे अमेरिकन वादक सॅक्सोफोन फुंकीत. सॅक्सोफोन हे पितळेचे वाकडे वाद्य आहे. सनईप्रमाणे त्यातही बोरूची पट्टी कंप पावते आणि सूर निघतो. पुढे बँडचे नेतृत्व टेडींकडे आले. १९३७ साली पॅरिसमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले. त्या वर्षी टेडी तेथे गेले आणि त्यांच्या एकल वादनाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तेथून ते पुन्हा भारताकडेच वळले.

तुम्ही म्हणाल, येथे तरी त्यांना समतेचे राज्य मिळाले का? नाही. तेव्हा इंग्रजांची सत्ता होती. अनेक क्लबांचे दरवाजे खुद्द भारतीयांनाच बंद होते. दूरच्या देशात गेले म्हणजे भेदभाव मागे राहतो, असे नसते. पण टेडींच्या हाती त्यांचा वाद्यवृंद होता. कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात त्यांनी अमेरिकन, भारतीय, अँग्लो-इंडियन, ब्रह्मी आणि नेपाळी वादकांना एकत्र घेतले. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. शहरात अमेरिकन सैनिक आले होते, पण त्या सैन्यात काळ्या शिपायांच्या तुकड्या गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवल्या जात. टेडींच्या वाद्यवृंदात मात्र कोण कोणत्या रंगाचा, हा प्रश्न नव्हता. सूर बरोबर लागतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

त्याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. हॉटेलात दिवे आणि संगीत होते, तर त्याच शहराच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली उपाशी माणसे पडलेली होती. रोग मात्र श्रीमंत-गरीब पाहत नाही. टेडींना कॉलरा झाला. या रोगाला आपल्याकडे पटकीही म्हणत. शरीरातील पाणी झपाट्याने निघून जाते आणि माणूस खचतो. आज मीठ-साखरेचे पाणी वेळेवर दिल्याने असे कितीतरी रोगी वाचतात. तेव्हा हा सोपा उपाय रूढ झालेला नव्हता. २५ एप्रिल १९४५ रोजी कलकत्त्यात टेडींचे निधन झाले. त्यांचे वय अवघे एक्केचाळीस वर्षांचे होते. भारत स्वतंत्र झाला, तो त्यांनी पाहिला नाही. अमेरिकेत १९६४ साली भेदभावाविरुद्ध कायदा झाला, तोही त्यांनी पाहिला नाही.

मग त्यांचे मागे काय उरले? आपल्या शेजारच्या गोव्यातून अनेक तरुण वादक तेव्हा मुंबईत आले होते. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांच्यासारखे तरुण ताजमधील अमेरिकन वादकांच्या सहवासात जाझ शिकले आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीतात आले. हळदोण्याचे चिक चॉकलेट यांनी तर १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात संगीतकार सी. रामचंद्र यांना साहाय्य केले. जुन्या हिंदी गाण्यांत मध्येच सॅक्सोफोन किंवा तुतारी ऐकू आली, तर या माणसांची आठवण करा.

मुलांनो, उर्दूतील हुनर हा शब्द मराठीत हुन्नर होऊन नांदतो आहे. शब्द जसा एका भाषेतून दुसरीत जातो आणि तेथलाच होतो, तसाच हुन्नरही एका हातातून दुसऱ्या हातात जातो. टेडी वेदरफर्ड घरी परतले नाहीत. त्यांचा हुन्नर मात्र येथे राहिला, आणि आपल्याही कानांपर्यंत पोहोचला.